भिंतीवरची ओल आणि घरातला रुग्ण



रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात कामाचा आणि जमाखर्चाचा तपशील दिल्यानंतर काही पाने एखाद्या आरोग्यविषयाच्या माहितीसाठी राखून ठेवण्याची आपली प्रथा आहे. यंदा त्यासाठी आम्ही जो विषय निवडला आहे, तो प्रथमदर्शनी किरकोळ वाटण्याचा संभव आहे. पावसाळ्यात घराच्या भिंतींवर, कपाटांत, गाद्यांवर आणि धान्यावर धरणारी बुरशी हा तो विषय होय. कोकणात राहणाऱ्या माणसाला बुरशीचे नवल नाही. जेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, तेथे चपलांना भुरा येणे आणि भिंतींचे पोपडे निघणे हे ऋतुमानाचाच भाग मानले जाते. परंतु ही सवयच अनेकदा रुग्णाच्या मुळावर येते, असे आमच्या ध्यानात आले आहे.

आषाढ-श्रावणात आमच्या बाह्यरुग्ण विभागात काही ओळखीचे चेहरे पुन्हा पुन्हा दिसतात. बाळदमा असलेले एखादे मूल धाप लागलेल्या अवस्थेत दाखल होते, तीन-चार दिवसांत सुधारते, हसत घरी जाते आणि पंधरवडा उलटण्याआधी त्याच तक्रारीने परत येते. औषधे योग्य असतात, आई-वडील ती वेळेवर देतात, श्वासातून घ्यावयाचा पंपही नीट वापरला जातो. मग उणे काय राहते? अशा वेळी आमचे डॉक्टर एक साधा प्रश्न विचारतात, 'बाळ निजते कोठे?' उत्तर बहुधा ठरलेले असते. 'आतल्या खोलीत, भिंतीला लागून. थोडी ओल आहे तिथे, पण ती काय, दरवर्षीचीच!'

'दरवर्षीचीच' या एका शब्दासाठी हा लेख लिहिला आहे. रुग्णालयात दिलेले औषध आणि घरातील हवा या दोहोंची ओढाताण सुरू झाली, तर औषध कमी पडते. देणगीदारांनी दिलेल्या पैशातून रुग्णाची खाट, प्राणवायू आणि औषधे यांची सोय होते. मात्र तो ज्या खोलीत परत जातो, ती खोली कोरडी नसेल तर या साऱ्याचे मोल अर्धे होते. म्हणून ही पाने जितकी रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी, तितकीच आमच्या हितचिंतकांसाठीही आहेत.

बुरशी म्हणजे काय?

बुरशी ही वनस्पती नव्हे आणि प्राणीही नव्हे. सूक्ष्म तंतूंच्या जाळ्याने वाढणारा तो जीवसृष्टीचा एक स्वतंत्र वर्ग आहे. हे तंतू ज्या वस्तूवर वाढतात, तिच्यातूनच अन्न शोषून घेतात. लाकूड, कागद, कापूस, चामडे, रंगातील चिकट द्रव्ये, भिंतीवर साचलेली धूळ, हे सर्व तिला चालते. पुरेशी वाढ झाली की ती असंख्य बीजाणू हवेत सोडते. आपल्याला भिंतीवर जो काळा, हिरवा वा राखाडी रंग दिसतो, तो बहुधा या बीजाणूंचाच असतो. अस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम ही घरांत आढळणाऱ्या बुरशींची प्रमुख कुळे. अस्परजिलस कुळातील काही बीजाणू इतके लहान असतात की मिलिमीटरचे तीनशे ते पाचशे भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक बीजाणू. त्यामुळेच ते नाकाच्या केसांत न अडकता श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर पोहोचतात.

येथे बुरशीवर अन्यायही होऊ नये. रानात पडलेला पालापाचोळा कुजवून त्याची माती करण्याचे काम तीच करते. लंडनमध्ये १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना ज्या बुरशीने पेनिसिलिनचा मार्ग दाखविला, ती याच पेनिसिलियम कुळातील होती. बुरशीचे स्थान रानात आहे, निजण्याच्या खोलीत नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

बुरशी वाढण्यासाठी चार गोष्टी लागतात: बीजाणू, अन्न, उबदार हवा आणि पाणी. बीजाणू हवेत सर्वत्र असतात, ते कोणालाही संपविता येणार नाहीत. अन्न म्हणजे आपले घर आणि त्यातील सामान. आपल्याकडची हवा बारमाही उबदार. म्हणजे चारांपैकी तीन गोष्टी आपल्या हातात नाहीत. हातात आहे ते केवळ पाणी. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली नाही, तर तिच्यावर बुरशी धरू लागते. म्हणून बुरशी हा डागाचा प्रश्न नसून पाण्याचा प्रश्न आहे, हे एकच सूत्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढील सर्व विवेचन त्याच सूत्राचा विस्तार आहे.

तिच्यापासून अपाय कोणता?

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरांतील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर अथवा बुरशी धरलेल्या घरांत राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दम्याचा जोर वाढणे यांचा धोका अधिक असतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. किती बुरशी चालेल याचा सुरक्षित आकडा मात्र त्यांत दिलेला नाही. टिकून राहणारी ओल टाळणे, हाच मुख्य उपाय सांगितला आहे.

अपाय प्रामुख्याने तीन प्रकारांनी होतो.

पहिला आणि सर्वांत अधिक आढळणारा प्रकार अ‍ॅलर्जीचा. सकाळी उठताच शिंकांची माळ लागणे, नाक चोंदणे, डोळ्यांना खाज येणे, रात्री कोरडा खोकला येणे आणि दमेकऱ्यांना धाप लागणे ही त्याची लक्षणे. ओलसर खोलीत धुळीतील सूक्ष्म किडेही वाढतात, त्यामुळे त्रास दुणावतो. काही दमेकऱ्यांच्या श्वासनलिकांत अस्परजिलस बुरशी ठाण मांडते आणि शरीर तिच्याविरुद्ध तीव्र प्रतिक्रिया देते. अ‍ॅलर्जिक ब्रॉन्कोपल्मनरी अस्परजिलोसिस असे लांबलचक नाव असलेल्या या विकारात क्ष-किरण चित्रावर डाग दिसतात. आपल्या देशात क्षयरोगाचे प्रमाण मोठे असल्याने अनेकदा तो क्षय समजला जातो आणि रुग्ण क्षयाची औषधे घेत राहतो. थुंकीत क्षयाचे जंतू न सापडता क्षयाचा उपचार चालू असेल आणि रुग्णाला पूर्वीपासून दमा असेल, तर छातीच्या विकारांच्या तज्ज्ञांचे मत अवश्य घ्यावे.

दुसरा प्रकार प्रत्यक्ष संसर्गाचा. निरोगी माणसाची प्रतिकारशक्ती रोज श्वासातून जाणाऱ्या बीजाणूंचा सहज निकाल लावते. परंतु कर्करोगाची औषधे घेणारे, मूत्रपिंड वा अन्य अवयवाचे प्रत्यारोपण झालेले, दीर्घकाळ स्टेरॉइडची औषधे घेणारे रुग्ण यांच्या बाबतीत तसे घडेलच असे नाही. जुन्या क्षयरोगाने फुप्फुसात पोकळी राहिली असेल, तर तिच्यात बुरशीचा गोळा तयार होऊन खोकल्यातून रक्त पडू शकते. अशा रुग्णाने भिंत खरवडण्याच्या कामात हातभार लावणे तर दूरच, ते काम चालू असताना घरातही थांबू नये.

या संदर्भात एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. कोविड साथीच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली, म्युकरमायकोसिसचे रुग्ण महाराष्ट्रात मोठ्या संख्येने आढळले आणि 'काळी बुरशी' हा शब्द घरोघरी पोहोचला. भिंतीवर काळा डाग दिसला की तीच ही बुरशी, अशी भीती तेव्हा अनेकांनी घेतली. वस्तुतः म्युकरमायकोसिस घडविणाऱ्या बुरशी माती आणि कुजणारे पदार्थ यांत असतात. तो आजार प्रामुख्याने नियंत्रणाबाहेर गेलेला मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर असलेल्या रुग्णांत झाला. भिंतीवरील काळ्या डागाचा रंग पाहून ती कोणत्या जातीची बुरशी आहे हे सांगता येत नाही आणि ते जाणून घेण्याची गरजही नसते. रंग कोणताही असो, उपाय एकच.

तिसरा प्रकार पोटातून होणाऱ्या अपायाचा. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

आधी पाणी शोधा

भिंतीवर बुरशी दिसताच आपण फडके शोधतो. शोधावयास हवे ते पाणी. घरात पाणी चार वाटांनी येते.

१) वरून. फुटकी वा सरकलेली कौले, तडे गेलेली गच्ची, गच्चीवरचे पाणी जाण्याच्या तुंबलेल्या मोऱ्या. अशा गळतीचा डाग छतावर वा भिंतीच्या वरच्या भागात गोलसर असतो आणि त्याला तपकिरी कडा असते. जोराची सर आली की तो वाढतो.

२) बाजूने. नैर्ऋत्येचा वारा पाऊस तिरपा आणतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिण बाजूंच्या भिंती अधिक भिजतात. जांभा दगड सच्छिद्र असल्याने पाणी धरून ठेवतो. खिडकीच्या तळाच्या कडप्प्याचा उतार आत असेल, तर खिडकीखाली त्रिकोणी ओल दिसते.

३) खालून. जोत्यात ओल अडविणारा थर नसेल, तर जमिनीतले पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे भिंतीतून वर चढते. ही ओल साधारणपणे कमरेपर्यंत येते, तिची वरची रेषा बरीचशी सरळ असते आणि भिंतीला पांढरा लोणा लागतो.

४) आतून. फुटलेला नळ, न्हाणीघराची झिरपणारी फरशी आणि आपण स्वतः हवेत सोडलेली वाफ. स्वयंपाक, ऊन पाण्याची आंघोळ आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे यांची वाफ घरातच राहते. बादलीभर पिळलेले कपडे वाळताना लिटर-दोन लिटर पाणी हवेत सोडतात. ते थंड भिंतीवर, कपाटामागे आणि खोलीच्या कोपऱ्यांत जाऊन बसते.

पाणी भिंतीतून येते की खोलीतील हवेतून, हे ठरविण्याची एक सोपी रीत आहे. भिंतीची जागा फडक्याने कोरडी करून तेथे स्वयंपाकघरातील अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाचा फूटभर चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा. एक-दोन दिवसांनी पाहावे. खोलीकडील बाजूस दव जमले असेल तर दोष हवेतील दमटपणाचा. भिंतीकडील बाजूस जमले असेल तर पाणी भिंतीतून येते आहे. पहिल्या बाबतीत राहण्याच्या सवयी बदलाव्या लागतात, दुसऱ्या बाबतीत गवंडी बोलवावा लागतो.

आमची स्वतःची चूक

दुसऱ्यास उपदेश करताना आपले घर काचेचे आहे हे विसरू नये. म्हणून आमचाच अनुभव येथे नमूद करतो.

रुग्णालयाच्या जुन्या इमारतीतील केसपेपर ठेवण्याच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीवर बुरशीचा पट्टा उठत असे. आम्ही तो पुसून, वर बुरशीरोधक म्हणून मिळणारा रंग दिला. पुढच्या पावसाळ्यात पट्टा त्याच जागी परत आला. आम्ही पुन्हा रंग दिला, या वेळी अधिक महागाचा. तो भाद्रपदातच फुग्यासारखा सुटला. तिसऱ्या वर्षी एक वृद्ध गृहस्थ आपली जुनी कागदपत्रे मागावयास आले. दुसऱ्या गावी शस्त्रक्रिया ठरली होती आणि तेथील डॉक्टरांना पूर्वीच्या आजाराचा तपशील हवा होता. तळच्या खणातील गठ्ठा काढला, तो कागद एकमेकांस चिकटून त्यांचा लगदा झालेला. त्या गृहस्थांनी तक्रार केली नाही. 'पावसाचे दिवस, चालायचेच,' असे म्हणून ते निघाले. परंतु आम्हांस त्यांच्या नजरेला नजर देता आली नाही.

त्यानंतर त्या भिंतीचा गिलावा फोडला. आत गच्चीवरील पाण्याचा पाइप होता आणि त्याचा एक सांधा निखळलेला होता. प्रत्येक सरीबरोबर पाणी भिंतीच्या पोटात उतरत होते आणि आम्ही तीन वर्षे बाहेरून रंग लावीत होतो. नवा पाइप भिंतीबाहेरून घेण्यात आला, त्याचा खर्च दोन वेळच्या रंगकामाहून कमी आला. भिंत उन्हाळाभर उघडी ठेवून वाळविली, मगच गिलावा केला. कागदांची मांडणी भिंतीपासून हातभर दूर आणि जमिनीपासून फूटभर वर केली. रंगाने ओल झाकली जाते, थांबत नाही, हा धडा आम्ही असा किंमत देऊन शिकलो.

आगोटीची कामे

पावसाळ्याची बेगमी करण्याचा, म्हणजे आगोटीचा, आपल्याकडे जुना प्रघात आहे. त्यात तांदूळ, मसाले, सुकी मासळी आणि सरपण यांच्याबरोबर घराचाही समावेश असे. कौले चाळली जात, पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांचे झाप बांधले जात. रुंद पडवी, पुढे आलेले छप्पर आणि उंच जोते यांमुळे भिंत पावसापासून दूर राही. चुन्याची सफेदी क्षारयुक्त असल्याने तिच्यावर बुरशी सहजी धरत नसे. जुन्या घरांत बुरशी नव्हती असे नव्हे, आणि चुलीच्या धुराने घर कोरडे राहत असले तरी तो धूर फुप्फुसांना घातकच होता. परंतु पाण्याला भिंतीपासून दूर ठेवण्याची ती दृष्टी योग्य होती. आजच्या सिमेंटच्या घरांत छज्जे आखूड, खिडक्या सरकत्या काचांच्या आणि प्लायवुडची कपाटे भिंतीत ठोकलेली असतात. म्हणून पूर्वीपेक्षा अधिक सावध राहावे लागते.

मृगाच्या आधी, म्हणजे मे महिना संपण्यापूर्वी, पुढील कामे उरकावीत.

- कौले चाळून घ्यावीत. गच्चीवरील तडे बुजवावेत, मोऱ्या आणि पन्हळी पालापाचोळा काढून मोकळ्या कराव्यात.
- पाइपांचे सांधे तपासावेत. पन्हळीचे पाणी जोत्याशी न पडता घरापासून दूर जाईल अशी सोय करावी.
- भिंतीला लागून मातीचा ढीग, सरपण अथवा बागेचे वाफे ठेवू नयेत.
- खिडक्यांवर छज्जा नसेल तर निदान पत्र्याचे वा ताडपत्रीचे झाकण करावे.
- गाद्या, उशा, रजया यांना वैशाखाचे कडक ऊन दाखवावे. कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे सरकवावीत.
- ओल्या भिंतीवर रंग देऊ नये. रंगकामाला योग्य काळ म्हणजे भिंत पूर्ण वाळल्यानंतरचा, दिवाळीनंतरचा.

पावसाळ्यात राहावे कसे?

खिडक्या उघड्या ठेवा, असे सर्रास सांगितले जाते. कोकणापुरते हे अर्धसत्य आहे. मुसळधार पाऊस चालू असताना बाहेरची हवा स्वतःच पाण्याने भरलेली असते, ती आत घेऊन घर वाळत नाही. म्हणून झड चालू असताना वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवाव्यात. उघडीप पडताच समोरासमोरच्या खिडक्या उघडून वारा आरपार जाऊ द्यावा. पंख्याने हवा कोरडी होत नसली तरी भिंतीवरील ओलावा उडून जाण्यास मदत होते.

स्वयंपाकाच्या वेळी भांड्यावर झाकण ठेवावे. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात वाफ बाहेर टाकणारा पंखा असल्यास तो चालू ठेवावा. आंघोळीनंतर न्हाणीघराची फरशी पुसून दार आतल्या बाजूस बंद ठेवावे. कपडे शक्यतो पडवीत वाळवावेत. ते घरातच वाळवावे लागले, तर एकाच खोलीत, खिडकी किलकिली ठेवून आणि पंखा लावून वाळवावेत. रुग्णाच्या वा लहान मुलाच्या खोलीत मात्र ओला कपडा अजिबात नसावा. मुलाची खाट बाहेरच्या भिंतीला न लावता आतल्या भिंतीकडे आणि हातभर अंतरावर ठेवावी. ज्यांच्याकडे वातानुकूलन यंत्र आहे, त्यांनी त्यातील हवा कोरडी करण्याची सोय वापरावी आणि त्याची जाळी नियमित धुवावी, अन्यथा तीच बुरशीचे घर होते. हवेतील दमटपणा मोजण्याचे छोटे यंत्र आता थोड्या खर्चात मिळते. दमटपणा साठ टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशीला जोर धरता येत नाही. श्रावणात हा आकडा साऱ्या घरात साधणे कठीण, परंतु रुग्णाच्या एका खोलीपुरता प्रयत्न अवश्य करावा.

कपाटात मिणमिणता बल्ब लावून ठेवण्याची एक जुनी युक्ती आहे. तिचा गुण उजेडात नसून उष्णतेत होता. आताचे एलईडी दिवे फारसे तापत नाहीत, त्यामुळे ती युक्ती त्यांच्यावर चालत नाही. जुना तापणारा बल्ब कपड्यांशेजारी ठेवणे आगीला आमंत्रण ठरते, म्हणून तोही टाळावा. डांबराच्या गोळ्यांनी कसर दूर राहते, पण ओल जात नाही. त्यांच्या उग्र वासाने दमेकऱ्यांना त्रासही होऊ शकतो. ओल शोषणाऱ्या पुड्या छोट्या बंद कपाटात उपयोगी पडतात, मात्र त्या भरल्या की बदलाव्या लागतात.

धरलेली बुरशी काढावी कशी?

पाण्याची वाट बंद केल्यावर साफसफाई करावी. डाग तीन फूट लांब आणि तीन फूट रुंद एवढ्या जागेहून मोठा नसेल, तर ते काम घरच्या निरोगी माणसास करता येते. त्याहून अधिक असेल तर जाणत्या कारागिरास बोलवावे.

१) दमेकरी, लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि आजारी माणसे यांना काम होईपर्यंत दुसरीकडे ठेवावे.

२) नाका-तोंडावर एन-९५ प्रकारचा मुखपट्टा, हातांत रबरी मोजे आणि शक्य तर डोळ्यांवर चष्मा असावा. नुसता रुमाल बांधून बीजाणू अडत नाहीत.

३) खोलीचे दार लावून घ्यावे, खिडकी उघडी ठेवावी, पंखा बंद करावा. बुरशी कोरड्या झाडूने कधीही झाडू नये, तसे केल्यास बीजाणू साऱ्या घरात पसरतात. आधी जागा ओली करून घ्यावी.

४) कपडे धुण्याची पावडर घातलेल्या कोमट पाण्याने ब्रशने घासावे, स्वच्छ पाण्याने पुसावे आणि मग पंखा लावून त्याच दिवशी पूर्ण वाळवावे.

५) न्हाणीघराच्या टाइल्ससारख्या कठीण पृष्ठभागावर जंतुनाशक ब्लीच वापरता येते. चार लिटर पाण्यात एक पेला पुरे. परंतु ब्लीचमध्ये संडास साफ करण्याचे आम्ल, अमोनिया किंवा व्हिनेगर चुकूनही मिसळू नये. त्यातून निघणारा वायू प्राणघातक ठरू शकतो.

६) वापरलेली फडकी पिशवीत बांधून टाकून द्यावीत.

बुरशी मारली म्हणजे काम झाले, असे मानू नये. मेलेल्या बुरशीनेही अ‍ॅलर्जी होते. ती तेथून काढून टाकणे महत्त्वाचे. कापसाची गादी, प्लायवुड, पीओपीचे छत अशा सच्छिद्र वस्तूंच्या अंतरंगात बुरशी शिरली असेल, तर त्या साफ होत नाहीत. गादी टाकून देणे मनाला जड जाते, हे आम्ही जाणतो. परंतु दमेकरी मुलाच्या उशाशी ती ठेवणे अधिक महाग पडते. कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. अस्सल लाकूड घासून, पुसून, वाळवून पुन्हा वापरता येते.

पुराचे पाणी घरात शिरल्यास हीच रीत अधिक तातडीने अवलंबावी लागते. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. सांगली-कोल्हापूरला २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि चिपळूणला २०२१ च्या जुलैमध्ये महापूर आला. अशा प्रसंगी गाळ काढण्याच्या गडबडीत भिजलेल्या गाद्या आणि कपाटे दिवसेंदिवस घरातच राहतात. पाणी ओसरल्यावरचे पहिले दोन दिवस निर्णायक असतात. त्या मुदतीत भिजलेले सामान घराबाहेर निघाले, तर पुढील आजारपण बरेचसे टळते.

अन्नावरची बुरशी

शेंगदाणे, मका, सुके खोबरे, मिरची आणि धान्य यांवर धरणाऱ्या अस्परजिलस कुळातील काही जाती अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. ते यकृतास घातक असते आणि दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताच्या कर्करोगाचे कारण ठरते. साध्या शिजविण्याने वा भाजण्याने ते पूर्णपणे नाहीसे होत नाही. १९७४ साली गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानमधील बांसवाडा या शेजारच्या जिल्ह्यांत अवेळी पावसाने भिजलेला मका खाल्ल्याने काविळीची साथ उद्भवली. तीत नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जण दगावले. बाधित झालेली ही गरीब कुटुंबे होती आणि मका टाकून देणे त्यांना परवडणारे नव्हते.

म्हणून कडवट लागणारा, सुरकुतलेला वा बुरसलेला शेंगदाणा निवडून फेकून द्यावा. बुरशी धरलेला पाव वा भाकरी वरचा डाग काढून खाऊ नये, कारण तंतू आतवर गेलेले असतात. धान्य कडकडीत वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवावे. बुरसलेले धान्य गुराढोरांनाही घालू नये.

डॉक्टरांकडे केव्हा यावे?

घरात असताना वाढणारा आणि बाहेरगावी गेल्यावर कमी होणारा खोकला, दर पावसाळ्यात वाढणारी धाप, तीन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, खोकल्यातून रक्त, मधुमेही रुग्णाच्या चेहऱ्यावर एका बाजूस सूज वा दुखणे, यांपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये. येताना घरातील ओलीची माहिती डॉक्टरांस आवर्जून सांगावी. रुग्णाने घेतलेल्या औषधांइतकीच ती महत्त्वाची आहे. आणि ओल दूर केली म्हणून दम्याची औषधे आपल्या मनाने थांबवू नयेत.

शेवटी एक विनंती

दमा वा श्वसनविकाराने दाखल झालेल्या रुग्णास घरी सोडताना आम्ही आता त्याच्या कार्डावर चार प्रश्न लिहून देतो: निजण्याच्या खोलीत ओल आहे काय? ती वरून, बाजूने, खालून की आतून? खाट भिंतीपासून किती दूर आहे? कपडे कोठे वाळतात? पुढील भेटीत औषधांबरोबर या प्रश्नांचीही विचारपूस होते. अनेक घरांत केवळ खाट हलवून आणि एक मोरी मोकळी करून भागते. काही घरांत मात्र छप्पर दुरुस्त करावे लागते आणि हातावर पोट असलेल्या कुटुंबास ते झेपत नाही.

आमच्या हितचिंतकांपैकी कोणी गवंडी आहेत, कोणी बांधकाम साहित्याचे व्यापारी, कोणी नुकतेच आपले घर शाकारून जुनी पण धड कौले बाजूस ठेवणारे. शंभर कौले, एक ताडपत्री, पन्हळीचे दोन तुकडे वा एका दिवसाची मजुरी ही देणगीच्या पावतीवर लहान दिसेल. परंतु जे मूल त्या छपराखाली कोरड्या अंथरुणात रात्रभर शांत निजेल, त्याच्यासाठी ती रुग्णालयातील खाटेहून मोठी असेल. त्याने आमच्या दारी पुन्हा येऊ नये, हीच आमची इच्छा आहे.

आपणा सर्वांस येणारा पावसाळा निरामय जावो, ही सदिच्छा.